मी बिघडलेलो नाही

मी बोलतोय, ब्लडप्रेशर मोजायचं मशीन. होय, तेच, ज्याच्यावर आकडा आवडला नाही की तुम्ही टपल्या मारता. आज मला मनसोक्त चिडू द्या. मी ज्या घरात राहतो तिथे सगळे चिडतात आणि गप्प मात्र मीच बसायचं, हा कुठला न्याय?

माझं पहिलं घर म्हणजे मंडईजवळचं एक सर्जिकल दुकान. मालक गोपाळकृष्णकाका. माझी जीभ त्यांच्याच हाताखाली तयार झाली. पियुष मला घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "काका, हे अॅक्युरेट असतं ना?"

काकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "मशीन अॅक्युरेट असतं. माणसं स्वेटरवरून पट्टा बांधतात आणि मग आम्हाला जाब विचारतात. आत माहितीपत्रक आहे. ते वाचण्यासाठी छापलंय."

ते माहितीपत्रक अजून घडी न मोडता खोक्यात पडलंय.

पियुषने मला खराडीला आणलं ते त्याच्या वडिलांसाठी, संभाजीरावांसाठी. त्यांची रानं कधीच इमारतींखाली गेली, रानांच्या जागी बंगला आला, भाडेकरू आले आणि संभाजीरावांना घराबाहेर चालायला काही कारणच उरलं नाही. मग बीपी वाढलं. डॉक्टरांनी बजावलं की गोळी रोज, मीठ कमी, थोडं चालणं, आणि घरी शांत बसून बीपी मोजायचं.

शांत बसून! अहो, मी त्या घरात शांतता पाहिलीच नाही. संभाजीराव तोंडात तंबाखूचा बार भरून फोनवर एजंटाला शिव्या घालत असायचे आणि तसाच हात पुढे करायचे. "सोजर, लाव गं ते."

सोजरबाई त्यांच्या पत्नी. त्या भाकरी तव्यावर टाकून पदराला हात पुसत यायच्या आणि पट्टा बांधायच्या. इकडे शिव्या चालूच. बाबांनो, मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेका, पाय जमिनीवर ठेवा, दंड उघडा ठेवा, मग मी नीट सांगतो. पण मला विचारतंय कोण? आकडा जास्त आला की म्हणायचे, "येडं झालंय हे." नीट आला की म्हणायचे, "बरा झालो, आता गोळी कशाला?"

अहो, गोळी घेतली म्हणून तर नीट आला! सोजरबाई हळूच म्हणायच्या, "अवं, डॉक्टरांनी रोज घ्या म्हनलंय." पण दोन दिवस गोळी बंद. मीठ कमी करायचं म्हणजे भाजीतलं कमी करायचं, असा संभाजीरावांचा हिशोब. ताटात पापड, लोणचं आणि खर्डा होताच, तो बहुतेक औषध म्हणून.

हळूहळू माझी ख्याती झाली. भाडेकरू आले, दूधवाला आला, पियुषचे मामा आले, सगळ्यांनी दंड पुढे केले. एकच दंड माझ्या वाट्याला कधी आला नाही. जी बाई रोज मला उचलायची, पुसायची, बांधायची, तिचा! ती कपाळाला बाम लावून, वर फडकं आवळून कामाला लागायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ऊन लागलंय." पावसाळ्यातसुद्धा ऊनच लागायचं तिला. बीपी बहुतेकांना काही जाणवूच देत नाही, आणि ज्यांना जाणवतं ते उन्हावर नाहीतर झोपेवर ढकलून मोकळे होतात. माझा जीव तुटायचा, पण मला हात कुठे आहेत पट्टा बांधायला?

मग तो रविवार उजाडला. संभाजीरावांचे जुने मित्र नासिरभाई चहाला आले होते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांच्यासमोर माझं प्रदर्शन मांडलं आणि नेमका आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर.

"बघा, पियुषनं दगड आनलाय इकत," संभाजीराव तणतणले.

"दुसऱ्या कुणाला तरी लावून बघा की," नासिरभाई सहज म्हणाले. "ज्याची तब्येत ठणठणीत आहे अशाला. लगेच कळेल."

"बरुबर हाय. ये गं सोजर, बस हितं. हिला आजवर साधी सर्दी न्हाई. हिचं नीट आलं तर मशीन नीट."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! किती दिवस मी त्या दंडाची वाट पाहत होतो. सोजरबाई सकाळपासून पहिल्यांदाच टेकल्या होत्या. मी फुगलो, आवळलं, आणि आत रक्ताचे ठोके असे आदळत होते की मीच घाबरलो. एकशे शहाण्णव, आणि खालचा एकशे चौदा.

संभाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हनलं न्हवतं? हिला आनि एकशे शहाण्णव! मेलंय हे मशीन."

"डिफेक्टिव्ह पीस असेल, पप्पा," पियुष मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. "रिप्लेस करू."

सोजरबाईसुद्धा हसल्या. "मला काय धाड भरलीय?"

हसले नाहीत ते एकटे नासिरभाई. "भाभींना एकदा दवाखान्यात दाखवा, संभाजीराव. दाखवायला काय जातंय?"

"दाखवू की," म्हणत संभाजीरावांनी चहा बशीत ओतला.

झालं! एका घरात दोन माणसं, दोघांचंही बीपी वाढलेलं, आणि निष्कर्ष काय, तर मशीन बिघडलं! माझ्या जागी डॉक्टर असता तर या लोकांनी तोही बदलून आणला असता.

तेव्हापासून मी ड्रॉवरमध्ये आहे, जुने चार्जर आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्यांच्या सोबतीला. संभाजीरावांच्या गोळ्याही इथेच असतात. "बरा झालो" म्हणायला आता आकडा नाही, म्हणून ते गोळी रोज घेतात, तीसुद्धा सोजरबाईंनी हातावर ठेवली की. त्या रोज सकाळी ड्रॉवर उघडतात, माझ्याकडे बघतात आणि गोळी काढून ड्रॉवर लावतात.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. ड्रॉवर उघडला. सोजरबाईंनी एका हाताने कपाळ दाबून धरलं होतं. त्यांनी मला बाहेर काढलं, खुर्चीला पाठ टेकली, पाय जमिनीवर ठेवले, पट्टा उघड्या दंडावर गुंडाळला आणि डोळे मिटून गप्प बसून राहिल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलेलं सगळं त्यांच्या बरोबर लक्षात होतं. त्या घरात इतकं नीट आजवर कुणी बसलं नव्हतं. मग त्यांनी बटण दाबलं.

मी पेटलोच नाही. मॅचच्या दिवशी पियुषने माझे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले होते.

त्यांनी पुन्हा दाबलं. जरा जोरात दाबलं. "खरंच बिघडलंय की गं बाई," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी मला पुसून जागेवर ठेवलं.

मी बिघडलेलो नाही हो! माझे सेल परत द्या. नसतील द्यायचे तर राहू द्या, पण त्या बाईला दवाखान्यात न्या. तिथलं मशीन माझ्यासारखंच बोलेल.

आज उन्हं वर आली तरी ड्रॉवर कुणी उघडलेला नाही. बाहेरून संभाजीरावांचा आवाज येतोय. "सोजर, गोळी दे गं." थोड्या वेळाने पुन्हा, "अगं सोजर, कुठंयस?"

अहो, तिथे बसून हाका काय मारताय? उठा! आत जाऊन बघा तिला!