दहापैकी सात

माझी बायको घरी आली ती कुणीतरी गेल्यासारखा चेहरा करून. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "सात."

दहापैकी सात. तिने कित्येक वर्षं खपून केलेल्या व्हिडिओ गेमला एका नावाजलेल्या समीक्षकाने दिलेले गुण. मला शाळेत इतके मिळाले असते तर वडिलांनी गल्लीभर सांगितलं असतं. पण गेमवाल्यांचं गणितच निराळं. तिथे नऊ म्हणजे बरा, आठ म्हणजे ठीक आणि सात म्हणजे तोंड लपवायची वेळ. त्याखालचे आकडे बहुधा शोभेला ठेवलेत.

त्यांच्या ऑफिसात एक रीत आहे. परीक्षण आलं की साहेब आकडा फळ्यावर लाल रंगाने लिहितात आणि सगळे भोवती जमतात. आज जमले आणि लगेच दोषी ठरली ती अंधारी खोली. गेममध्ये एका जागी पडदा पूर्ण काळा होतो. ठिबकणारा नळ, घड्याळाची टिकटिक, कुणाचा तरी श्वास, एवढ्यावरून वाट काढायची. ही खोली माझ्या बायकोची. ठेवायची की काढून टाकायची, ते आजच्या आज कळव, असं साहेबांनी बजावलं होतं.

"काढून टाकते," ती म्हणाली. "हट्ट माझाच होता."

मला साहेबांचा भयंकर राग आला. पण माझा राग घरात कुणी मनावर घेत नाही.

सासूबाई चष्मा पुसत बसल्या होत्या. जन्मभर शाळेत पेपर तपासलेली बाई. पोटच्या मुलीलाही कधी अर्धा गुण फुकट दिला नाही.

"त्याने लिहिलंय काय?"

"सात, आई. सांगितलं ना."

"तो आकडा झाला. लिहिलंय काय?"

बायकोने वाचलंच नव्हतं. ऑफिसात कुणीच वाचलं नव्हतं.

मग मीच फोनवर उघडून मोठ्याने वाचलं. निम्मं परीक्षण त्या खोलीवरच होतं. भिंतींवर आपटून तो चिडला होता, खेळ बंद करून उठला होता आणि पुन्हा येऊन बसला होता. गुण तिथेच कापले होते. शेवटी लिहिलं होतं, 'बाकीचा खेळ विसरेन, ही खोली नाही.'

"कंटाळवाण्या पेपरावर मी बरोबरची खूण करून पान उलटायचे," सासूबाई म्हणाल्या. "समासात लिहायचे ते ज्याच्याशी भांडावंसं वाटायचं त्याच्या. हा माणूस तुझ्याशी भांडलाय गं. आता मला बसव त्या खोलीत."

मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातलं.

हेडफोन लावून त्या बसल्या. आपटल्या, पुटपुटल्या, मागे फिरल्या. मदत करायला बायकोची नुसती तडफड चालली होती, पण तिने तोंड उघडलं नाही. बऱ्याच वेळाने पडद्यावर उजेड आला. सासूबाईंनी हेडफोन काढला आणि मघाशीच पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"किती देशील?" बायकोने विचारलं. तिचा आवाज शाळकरी मुलीसारखा झाला होता.

सासूबाईंनी नीट विचार केला. "सात."

बायकोने साहेबांना फोन लावला. "खोली राहणार, सर," ती म्हणाली. "आणखी एक परीक्षण आलंय. सात मिळालेत मला, सात."