आठ मिलिमीटरचा आधार

मित्रांनो, चार माणसांच्या मैत्रीचा सगळा भार मी सात वर्षं एकट्याने पेलला आहे. त्या काळात मी कधी रजा घेतली नाही की कुरकुर केली नाही. कुरकुर टेबलाने करायची, असं आमच्यात ठरलेलंच होतं. मी एक जुना पुठ्ठा आहे. चार घड्यांचा. एका हॉटेलातल्या सहा नंबरच्या टेबलाच्या डाव्या मागच्या पायाखाली माझी नेमणूक होती.

तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्याला कसलं आलंय आत्मवृत्त? बरोबर आहे. जुनं घड्याळ, फाटकी छत्री, मोडकी सायकल यांना बोलायला सांगतात, पुठ्ठ्याला कुणी विचारत नाही. पण घड्याळ काय सांगणार? वेळ. माझ्याकडे सांगण्यासारखं थोडं जास्त आहे.

मी जन्माने बुटांच्या खोक्याचं झाकण. आमच्यात बुटांचं खोकं झालं म्हणजे पोर मार्गाला लागलं असं समजतात. बूट निघून जातात, खोकं घरात राहतं. मग त्यात कुणी पत्रं ठेवतं, कुणी फोटो, कुणी बटणं आणि दोऱ्याची रिळं. कपाटावर बसून निवांत म्हातारपण काढायचं, एवढीच माझी अपेक्षा होती.

मला दुकानातून नेलं लंबूने. म्हणजे नेले त्याने बूट, मी आपला सोबत गेलो. लंबूला विमा कचेरीत पहिली नोकरी लागली होती. घरी जायच्या आधी तो बूट मित्रांना दाखवायला हॉटेलात आला. तिथे तिघं बसली होती. मास्तर शाळेत गणित शिकवायचा. डॉक्टर डॉक्टरच होता, पण जनावरांचा. आणि काकू. काकू तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि कुणाचीच काकू नव्हती. पण रस्ता ओलांडताना ती तिघांना "थांबा रे, गाडी येतेय" म्हणायची, म्हणून काकू. ती जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची.

लंबूने खोकं टेबलावर ठेवलं. टेबल डुगडुगलं. सूप हिंदकळलं आणि नव्या बुटांवर सांडलं.

"अरे, हात काढ! हात काढ!" मास्तर ओरडला.

"हात काढला तर टेबल जातंय!"

"मग पाय काढ!"

"पाय कुणाचा? माझा की टेबलाचा?"

काकू शांतपणे वाकली, एक डोळा मिटून टेबलाच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "आठ मिलिमीटर. फरशी दबलीय." मग तिने मला टर्रकन फाडलं, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवलं. टेबल गप्प झालं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या टाळ्या तेवढ्याच.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ही मंडळी सहा नंबरवर यायची. जो आधी येईल त्याने वाकून मला बघायचं, असा त्यांचा शिरस्ता पडला. मागून येणारा दारातूनच विचारायचा, "आहे का?" पहिला म्हणायचा, "आहे." मगच खुर्च्या सरकायच्या. मित्रांनो, घरात थोरल्यांची चौकशी होते तशी माझी व्हायची. टाचण्या-पुठ्ठ्यांच्या जातीत एवढा मान कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

वाकून बघणारा एखादा डोळा सोडला तर मला चेहरे दिसायचे नाहीत. माझं जग घोट्यापर्यंत. पण घोट्याखाली माणूस फार खरं बोलतो. मास्तरच्या चपलांवर खडूची भुकटी. डॉक्टरच्या मोज्यांना कुणाकुणाचे केस. काकूच्या सँडलची एक पट्टी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेली. विचार करत असली की तो पाय अंगठ्यावर उभा राहायचा. आणि लंबूचे बूट तर माझ्याच पोटचे. पहिल्या सुपात न्हाल्यापासून उजवा बूट चुकचुकायचा. तो आवाज दारात आला की मला आपलं माणूस घरी आल्यासारखं वाटायचं.

आता थोडं सुपाविषयी. सूप वाईट होतं. नूडल्स त्याहून वाईट. हॉटेलातले जुने वेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते बशा ठेवतानाच जरा अपराधी आवाजात म्हणायचे, "घ्या, गरम तरी आहे." बाहेरच्या रस्त्यावर मात्र एकाला एक लागून गाड्या उभ्या असायच्या. सँडविच, ऑम्लेट, भाजलेली कणसं, आइसक्रीम. तिकडचा वास दारातून आत यायचा आणि आमच्या सुपाची लाज काढून परत जायचा.

मग ही चौघं इथेच का यायची? त्यामागे त्यांची एक घटना होती, देशाला असते तशी. पुढच्या शुक्रवारी कुठे जायचं यावर प्रत्येकाला नकाराधिकार होता. एक जण नको म्हणाला की ती जागा बाद.

"ऑम्लेटच्या गाडीवर जाऊ या?" मास्तर विचारायचा.

"उभ्याने? दिवसभर बैलामागे उभा असतो मी. बसू दे की जरा," डॉक्टर म्हणायचा. "त्यापेक्षा सँडविच."

"त्याच्याकडे एकच बाकडं आहे, आणि त्यावर त्याचा मेहुणा बसतो," काकू.

"मेहुण्याला उठवू."

"सात वर्षांत त्याच्या बहिणीला जमलं नाही, तुला जमणार?"

"मग पुलापलीकडचं नवीन?"

"तिथे गाणी इतक्या जोरात लावतात की आपण काय खातोय ते कळत नाही," लंबू म्हणायचा.

"इथे ते कळतं, हाच तर त्रास आहे," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणायचं नाही. चौघंही एकदम "मग इथेच" म्हणायची आणि विषय संपायचा.

खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. सहा वाजता टेबलाखाली पाय येऊन बसले की मी बघायचो. लंबूच्या बुटाच्या टोकावर सँडविचची चटणी, अजून ओली. मास्तरच्या चपलेच्या तळाला अंड्याचं टरफल. काकूच्या सँडलच्या पट्टीत कणसाचा एक सोनेरी केस. आणि डॉक्टरच्या बुटावर आइसक्रीमचा थेंब. चौघंही वेगवेगळ्या गाडीवर गुपचूप पोटपूजा करून यायची! मग इथे बसून नूडल्स चिवडायची. प्रत्येकाला वाटायचं, उरलेल्या तिघांचा या हॉटेलावर जीव आहे, आपण कशाला मोडता घाला. डॉक्टर तर आपल्या वाटणीच्या नूडल्स हळूच खाली सोडायचा. दाराशी राहणारा एक तपकिरी कुत्रा माझ्याशेजारी बसून त्या खायचा. न आवडणारं जेवण माणसं सात वर्षं ज्यांच्यासाठी जेवतात, मित्रांनो, त्यांना काय म्हणायचं ते मी तुमच्यावर सोडतो. मी पुठ्ठा आहे, माझा शब्दसंग्रह मर्यादित आहे.

घोटाळा केला कुत्र्याने. एका शुक्रवारी त्याने नूडल्स हुंगल्या, डॉक्टरकडे एकवार पाहिलं आणि उठून बाहेर गेला.

डॉक्टर आधी खुदकन हसला, मग त्याला हसू आवरेना. "अरे, तो... तो नको म्हणाला!"

"कोण?"

"कुत्रा. सात वर्षं माझ्या वाटणीचं तोच खातोय. आज त्यानेही हात टेकले."

"म्हणजे तुला नूडल्स आवडत नाहीत?" लंबूचा आवाज चढला.

"मला? मी तुझ्यासाठी येतो इथे. तुला हे हॉटेल आवडतं म्हणून."

"मला? मी काकूसाठी येतो!"

"माझ्यासाठी?" काकूचा पाय अंगठ्यावर उभा राहिला. "मला वाटायचं, मास्तरला सूप लागतं."

मास्तरने चमचा खाली ठेवला. "मी त्या सुपाचा एक थेंब सात वर्षांत गिळलेला नाही. मी नुसता चमचा वर नेतो आणि खाली आणतो. वर्गात मुलं पाढे म्हणतात तसं."

मग जे हसणं झालं त्याला तोड नाही. टेबलावर थापा पडल्या, पाय आपटले गेले, ग्लास नाचले. पण टेबल जागचं हललं नाही. मी दात-ओठ खाऊन उभा होतो. मला वाटलं, आज या चौघांना एकमेकांचं सगळं कळलं, आता यांची मैत्री कुणाच्या बापाला तुटायची नाही.

"सुटलो बुवा! आता पुढच्या शुक्रवारी कुठेही जाऊ शकतो आपण," डॉक्टर म्हणाला.

"कुठे?" काकूने विचारलं.

"बघू. ठरवू फोनवर."

पाय उठले. लंबूचा उजवा बूट चुकचुकत दाराबाहेर गेला. जाताना त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं का, ते मला माहीत नाही. बुटाला मान नसते.

पुढचा शुक्रवार आला. सहा वाजले. माझ्या घड्या आपोआप ताठ झाल्या. दार वाजलं, पण ते पाय दुसरेच होते. मामांनी साडेसहापर्यंत सहा नंबर अडवून ठेवलं, मग सोडून दिलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच.

मी चौतीस शुक्रवार मोजले.

टेबलावर माणसं येत होती, नाही असं नाही. एक नवराबायको आले, एकमेकांशी न बोलता जेवले. एक गृहस्थ एकटेच चार खुर्च्यांवर चार पिशव्या ठेवून बसले. कुणी वाकून बघितलं नाही. कुणी "आहे का?" विचारलं नाही. मी होतो. पण विचारणारं कुणी नसलं की असण्याला फारसा अर्थ राहत नाही. तपकिरी कुत्रा कधीकधी येऊन डॉक्टरच्या खुर्चीखाली बसायचा. नूडल्स तो आता खात नव्हता. नुसता बसायचा. आम्ही दोघं दाराकडे बघायचो.

बातम्या मामांकडून कळायच्या. गल्ल्यावरच्या मालकाला ते सांगत, "लंबूसाहेब सँडविच खाताना दिसले. एकटेच. मेहुण्याच्या शेजारी बसले होते." किंवा, "ताई कणीस घेऊन पुलावर उभ्या होत्या. मी विचारलं, बाकीचे कुठे? म्हणाल्या, अजून ठरतंय." म्हणजे चौघांनाही आता हवं ते खायला मिळत होतं. आपापल्या गाडीवर, एकेकट्याला. नकाराधिकार शाबूत होता, पण "मग इथेच" म्हणायला जागा उरली नव्हती.

मग हॉटेलात फरशी नवीन बसवली. दबलेली लादी गेली. टेबल जागेवर परत ठेवलं तेव्हा चारी पाय एकसारखे टेकले. मी केराच्या ढिगात पडलो होतो, पण मामांनी उचललं. मामा काहीच टाकत नाहीत. सूपसुद्धा. रस्त्याकडच्या खिडकीचं तावदान वाऱ्याने वाजायचं, त्या फटीत त्यांनी मला खोचलं.

उंचावरून मी जग पहिल्यांदा बघितलं. माणसांना चेहरे असतात हे मी ऐकून होतो. इतके असतील असं वाटलं नव्हतं.

पस्तिसाव्या शुक्रवारी सहाला दोन मिनिटं कमी असताना एक बाई आत आल्या. चष्मा, खांद्याला नकाशाची नळी. मी काही ओळखलं नाही. त्या सहा नंबरकडे गेल्या, वाकल्या, एक डोळा मिटून टेबलाच्या पायाकडे बघितलं. तेव्हा ओळखलं.

"मामा, पुठ्ठा कुठाय?"

"फरशी नवीन केली, ताई. आता टेबल हलत नाही. बघा."

काकूने हाताने टेबल हलवून बघितलं. एकदा, दोनदा. हललं नाही. ती ज्या खुर्चीवर बसली तिचं तोंड खिडकीकडे होतं, म्हणून तिचा चेहरा फक्त मला दिसत होता. तो मी सांगणार नाही. थोड्या वेळाने तिने फोन काढला.

"मास्तर, कुठे आहेस?... ते ठरवणं आता बंद करा रे. पस्तीस आठवडे ठरवतोय आपण. मी सहा नंबरवर बसलेय. सूप मागवलंय. चार... हो, तेच सूप. ये मुकाट्याने."

तसेच आणखी दोन फोन केले. मग दाराकडे बघत बसली. चार वाट्या आल्या आणि त्यांची वाफ हळूहळू कमी होत गेली. मित्रांनो, त्या वीस मिनिटांत मला वाऱ्याचा फार राग आला. तो तावदान हलवत होता आणि मला दाराचा आवाज नीट ऐकू येत नव्हता.

आधी डॉक्टर आला, आणि त्याच्या पायात पाय घालत कुत्रा. मग मास्तर. शेवटी एक उंच माणूस दारात उभा राहिला. पायात नवे बूट. न वाजणारे. जुन्यांचं काय झालं कुणास ठाऊक, आणि या नव्यांचं खोकं आता कुठल्या कपाटावर बसलं असेल. पण तो दारातूनच म्हणाला, "आहे का?"

काकूने पायाने नवी लादी ठोकून दाखवली.

"फरशी नवीन केलीय," काकू म्हणाली. "गरज नाही आता."

"गरज नाही म्हणजे? आहे कुठे तो?"

मामांनी खिडकीकडे बोट दाखवलं. लंबू आला, मला फटीतून ओढून काढलं, हातात उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हा तर माझ्या पहिल्या बुटांचा!" त्याच्या तळहाताला सँडविचच्या चटणीचा वास येत होता. मग एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर बसला, कुत्र्याला बाजूला सारलं आणि मला डाव्या मागच्या पायाखाली सरकवलं.

"आहे," तो म्हणाला. मग खुर्च्या सरकल्या.

तर मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. माझं मागणं छोटं आहे. तुम्ही चौघंजण कुठेतरी बसत असाल, तर ती जागा चांगली आहे की वाईट याची फार चिकित्सा करू नका. जे कुणी आधी पोचेल, त्याने वाकून बघावं. आणि मागून येणाऱ्याने विचारावं. तेवढं पुरतं.

सूप अजून तसंच आहे. तावदान पुन्हा वाजतं. खालची फरशी आता एकदम सपाट आहे, त्यामुळे मी असलो की टेबल हलतं.