शिबिराचा दुसरा दिवस

“बॅट सरळ. कोपर वर. आन् कंबर हलवू नगंस,” रावजी सरांनी तिसऱ्यांदा सांगितले आणि नकोशीने तिसऱ्यांदा चेंडू स्वतःच्याच पायाशी आपटला.

शनिवारची शाळा सुटून तास झाला होता. मंगळवारी बारामतीला सॉफ्टबॉलची निवड चाचणी होती. इंदापूर रस्त्यावरच्या एका फाट्यापासून दोन किलोमीटर आत असलेल्या या शाळेतून एकटी नकोशी जाणार होती. निवड झाली तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा, राहणे-जेवण फुकट आणि बारावीपर्यंत शिक्षण. नाही झाली तर दहावी झाली की शाळेला रामराम, कारण गावात वर्ग तिथपर्यंतच होते आणि पोरीला रोज एसटीने इंदापूरला धाडायला तिचा बाप गेणू तयार नव्हता.

रावजी सर बावीस वर्षे खेळाचे शिक्षक होते. आवाज मोठा, शिट्टी त्याहून मोठी. तरुणपणी टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये त्यांनी इंदापुरात एकदा एकेचाळीस धावा काढल्या होत्या. सांगून सांगून त्या आता चौसष्ट झाल्या होत्या. सॉफ्टबॉल त्यांच्या गळ्यात पडला तो शहाण्णव साली. शाळेला सरकारकडून दोन बॅटी, सहा हातमोजे आणि डझनभर चेंडू आले. पाठोपाठ बारामतीच्या तीन दिवसांच्या शिबिराचे पत्र आले. सर गेले. पहिल्या दिवशी उद्घाटन, नियम आणि चेंडू झेलणे झाले. दुसरा दिवस फटका कसा मारायचा याचा होता. पण नेमकी त्याच दिवशी वर्ल्ड कपची मॅच होती आणि बारामतीतल्या त्यांच्या साडूने नवा रंगीत टीव्ही घेतला होता. सरांनी सकाळी हजेरीवर सही केली, पोहे खाल्ले आणि मागच्या फाटकाने साडूचे घर गाठले. मास्तर लोकांत शिबिराला दांडी मारणे ही काही चोरी समजली जात नाही. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळाले आणि मुख्याध्यापकांनी ते काच लावून ऑफिसात टांगले.

आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सॉफ्टबॉलची बॅट मुसळासारखी गोल. ती आडवी फिरवायची, अंगाला पीळ देऊन. सरांनी ती मुलींना सरळ धरायला लावली आणि सगळे क्रिकेट शिकवले.

गंमत अशी की नकोशीला ते मुळात येत होते. आठवीत पहिल्यांदा बॅट हातात आली तेव्हा तिने चेंडू कुंपणापलीकडच्या उसात घातला होता आणि सगळा वर्ग तो शोधत फिरला होता. तिचे आजे-पणजे मेंढरांमागे फिरणारे. बाप आता शेती करत होता आणि ज्वारी हुरड्यात आली की पाखरांपासून राखणीला शेतातल्या माळ्यावर नकोशी उभी असे. गोफण फिरवून फिरवून तिच्या अंगाला ठाऊक झाले होते, की आधी टाच वळते, मग कंबर, मग खांदा. हाताचे काम सगळ्यात शेवटी. सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, “हे काय पाखरं हाकायचं रान हाय का? खेळाला शास्त्र असतं.” कंबर वळू नये म्हणून त्यांनी तिला शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभे केले आणि रोज शंभर वेळा बॅट वरून खाली आणायला लावली. पोर गुणाची. तिने पावणेदोन वर्षे ते केले. चेंडू लांब जायचा बंद झाला, तरी इतर मुलींपेक्षा ती बरी होती. आपले कुठेतरी चुकते आहे अशी शंका सरांना अधूनमधून येई. ती आली की ते आवाज चढवत.

मंगळवारी सकाळी गेणू लेकीला सोडायला फाट्यापर्यंत आला. “सर, तुमी म्हणता म्हणून धाडतोय,” तो म्हणाला. “आमाला त्यातलं काय कळतंय.” सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पोरगी राज्याला खेळणार, लिहून ठेव, असे सांगितले.

बारामतीच्या कॉलेजच्या मैदानावर नावे लिहून घेणाऱ्या टेबलाशी पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम बसल्या होत्या. निवड समितीत त्याच मुख्य होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर टोपी, बोलणे मोजके. त्यांनी शाळेचा कागद, त्यातली सरांच्या प्रमाणपत्राची नोंद वाचली आणि वर पाहिले. “शहाण्णवच्या शिबिराला होतात ना तुम्ही? दुसरा दिवस माझाच होता.”

सर त्यांना जन्मात पहिल्यांदा पाहत होते. “हो मॅडम,” ते एकदम शुद्ध भाषेत म्हणाले. “फार छान शिकवलं होतं तुम्ही.”

मॅडमना बरे वाटले. सर बाजूला झाले आणि किटची पिशवी घेऊन जाळीमागे उभे राहिले.

प्रत्येकीला दहा चेंडू मिळत होते. आपल्या आधीच्या मुली कशा फिरतात हे नकोशी टक लावून बघत होती. सरही बघत होते. मुलींच्या टाचा मातीत गर्रकन वळत होत्या, कंबर पुढे येत होती आणि बॅट मागून सणसणत येत होती. सगळ्या जणी गोफण फिरवल्यासारख्या फिरत होत्या.

नकोशी उभी राहिली. बॅट सरळ, कोपर वर. पाच चेंडू तिने इमानेइतबारे पायाशी आपटले. रांगेतल्या मुली हसल्या. मॅडमनी खेळ थांबवला, जवळ जाऊन तिच्या कमरेला हात लावला आणि काहीतरी समजावले. नकोशीने हळूच विचारले, “गोफणीवाणी?”

“अगदी तशीच,” मॅडम म्हणाल्या.

सहावा चेंडू गेला तो मैदानाच्या टोकाला असलेल्या सायकलींवर जाऊन आदळला. पण पावणेदोन वर्षे घोटवलेले एका चेंडूने निघत नाही. सातव्याला तिची कंबर वळली तर हात अडला, आठव्याला हात सुटला तर कंबर अडली. उरलेले चारही चुकले.

मॅडम तिच्याशी बोलायला आल्या. सर जाळीपलीकडे पाच पावलांवर होते. “तुझ्या अंगात खेळ आहे गं,” मॅडम म्हणाल्या. “असं उभं राहायला तुला शिकवलं कुणी?”

नकोशीने मान वर केली नाही. सरांकडे तर मुळीच पाहिले नाही.

“कुणी न्हाय मॅडम. टीव्हीवर क्रिकेट बघून माझी मीच शिकले. सर सांगत व्हते तसं मी केलं न्हाय.”

मॅडमनी जाळीतून सरांकडे पाहिले. “ऐकत नाहीत ना मुली?”

खरे बोलायला एवढी सोयीची जागा देवानेही दुसरी दिली नसती. “हो ना,” रावजी सर म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि माणसाला मेल्याहून मेल्यासारखे होते म्हणजे काय होते, ते त्यांना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समजले. नकोशीने बॅट पुसली, दोन्ही हातांनी पुढच्या मुलीला दिली आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसली.

चार वाजता यादी वाचली. सोळा नावे होती. तिचे नव्हते.

सर मॅडमना शोधत कॉलेजच्या व्हरांड्यात गेले. त्या कागद बांधत होत्या. सर उभ्या उभ्याच बोलले, की पोरगी खोटे बोलली, तिला तसे मीच शिकवले, आणि तुमच्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी नव्हतोच. सही करून मॅच बघायला गेलो होतो. हे सांगताना त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. मॅडम रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

“यादीवर सह्या झाल्या, सर,” त्या शेवटी म्हणाल्या. “पुढच्या वर्षी आणा तिला. मी स्वतः बघेन.”

“फुडच्या वर्षी ती शाळंत नसंल, मॅडम.”

मॅडमनी कागदांच्या गठ्ठ्याला गाठ मारली.

एसटी स्टँडवर इंदापूरची गाडी लागायला वेळ होता. सरांनी नकोशीला वडापाव घेऊन दिला, स्वतःला घेतला नाही. मग त्यांनी तिलाही सांगितले. विद्यार्थिनीपुढे इतकी मान खाली घालून ते कधी बोलले नव्हते. तिने ऐकून घेतले, वडापावच्या कागदाची घडी केली आणि म्हणाली, “मला म्हाईत हाय, सर.”

“कवापासनं?”

“भिंतीपाशी उभं केलंत तवापासनं. त्यात जोरच लागत नव्हता.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी सर हाय,” ती म्हणाली. तिच्या लेखी एवढे कारण पुरेसे होते. मग तीच पुढे बोलली, “आबांना मातर सांगू नका. त्येंचा तुमच्यावर लई इस्वास हाय. त्यो उडाला तर स्वप्नालीला ग्राउंडवर धाडायचे न्हाईत.”

स्वप्नाली तिची धाकटी बहीण. आठवीत होती, आणि तिचा हात नकोशीपेक्षाही मोकळा होता. गेणूच्या पुढे सगळे ओकून मोकळे व्हायचे, चार शिव्या खायच्या आणि हलके होऊन घरी जायचे, असे त्यांनी व्हरांड्यातून निघतानाच ठरवले होते. पोरीने तेवढीही वाट ठेवली नाही.

फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. गेणू चांगले धोतर नेसून सायकल धरून उभा होता. सरांनी नुसती मान हलवली, तेवढ्यावरून तो समजला. त्याने लेकीकडे पाहिले आणि सायकल स्टँडवर लावली.

“चालायचंच,” तो म्हणाला. “आमचंच नशीब तोकडं. तुमी मातर सर, पोटच्या पोरीसाठी कुणी करणार न्हाय एवढं केलंत. धाकटीबी तुमच्याच हाती देतो.” मग लेकीकडे वळून त्याने सांगितले, “अगं, बघती काय? पाया पड सरांच्या.”

नकोशी पुढे झाली आणि वाकली. पाय मागे घ्यावेत असे रावजी सरांना फार वाटले. पण गेणू बघत होता, म्हणून ते तसेच उभे राहिले.