काही कमी नाही

बायोलॉजीत अठ्ठ्याण्णव.

दुबईतलं डिस्कव्हरी गार्डन्स. हॉलमध्ये आडवा पडदा ओढला की घराला दुसरी बेडरूम होते.

वसईत लॉयड बाप्टिस्टला मॅनेजर म्हणतात. दुबईच्या हॉटेलात तो पार्ट्यांच्या खुर्च्या मांडून घेतो.

अमेरिकेत प्री-मेड म्हणजे डॉक्टर नव्हे. आधी चार वर्षं कॉलेज, मग पुन्हा प्रवेश, पुन्हा फी.

स्कॉलरशिपच्या दोन जाती: हुशारीची आणि गरजेची.

आता सलग सांगायचं तर, हुशारीची लॉयडच्या लेकीला, शेनॉनला, मिळाली होती. अर्धी फी माफ. तरी वर्षाला ऐंशी हजार दिरहम उरत होते, म्हणजे वीस लाखांच्या आसपास. ते देणारा एक ट्रस्ट होता, पण घरची अडचण बघून. म्हणून लेक आणि नवरा लॅपटॉपसमोर बसले होते, आणि इसाबेल कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीला टेकून उभी होती.

ट्रस्टच्या संपदा मॅडम मराठी निघाल्या. तिथेच घोटाळा झाला. आपल्या माणसासमोर लॉयडची छाती आपोआप फुगते.

"बाप्टिस्टसाहेब, पगाराचा कागद बघितला. भागतं एवढ्यात?"

नाही भागत म्हण, इसाबेल मनात म्हणाली. एवढंच म्हण.

"देवाच्या दयेने काही कमी नाही, मॅडम."

"गावी घर वगैरे?"

"बंगला आहे ना वसईला! भाऊ कॅनडात सेटल."

बंगला म्हणजे तीन भावांत दोन खोल्या. कॅनडावाला फोन उचलत नाही.

"डॅडा," शेनॉन ओठ न हलवता म्हणाली, "दे आर आस्किंग इफ वी नीड इट."

"कळतं गं." मग कॅमेऱ्याकडे बघून हसत, "पोरांना वाटतं, बापाला इंग्लिश येत नाही."

मॅडमही हसल्या. "मग तुमच्याहून अडलेल्यांना आधी बघितलं तर चालेल?"

"ऑफ कोर्स! त्यांनाच द्या."

खलास.

स्क्रीन काळी झाल्यावर इसाबेलला कंठ फुटला. "त्यांनाच द्या? अरे, कर्ण लागून गेलास का तू?"

"मग काय हात पसरू बाईसमोर?"

"त्यासाठीच बसवलं होतं तुला!"

"मिळेल गं. इन्शाल्ला."

शेनॉनने कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट अंगातून काढला, उलटा केला आणि तसाच पुन्हा घातला.

जुलैत अमेरिकेतली जागा गेली. पोर वसईला मावशीकडे राहून बी.एस्सी. करते. लॉयड विचारणाऱ्याला सांगतो, मुलगी मेडिकल लाइनला आहे.

कॉल लागण्याआधी इसाबेल नवऱ्याला म्हणाली होती, "ताठ बस जरा. भिकारी वाटायला नको आपण."