इस्त्रीच्या खोलीतला तिसरा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रुग्णालयाच्या इस्त्रीच्या खोलीत, चादरींच्या कपाटावर माझं बस्तान आहे. तरुणपणी मी केसपेपरच्या खिडकीवर होतो. पुढे वेगवान यंत्रं आली आणि माझ्या डोक्यावर कुंडी बसली.

तिथून मला उचललं ते नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी. माणसं यंत्रांना नावाने ओळखतात, यंत्रं मात्र एकमेकांना आकड्यांनी. 'रक्तपेढी' असं नाव टंकलं की तिचा आकडा सांगणारा कुणीतरी लागतो. त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. रुग्णालयात असे दोन होते, एक मुख्य आणि एक राखीव. ताईंना मला तिसरा करायचं होतं.

"दोन आहेत ना, ताई? आता काय, घरटी एक?" रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, दोघंही विजेच्या एकाच बोर्डावर आहेत. एकाला उचकी लागली की दुसऱ्याचाही श्वास अडकतो."

"बरं, ठेवा. पण वर्षअखेरीच्या तपासणीत हा नुसता बसलेला दिसला, तर भंगारात जाईल."

ताईंनी मला स्वच्छ केलं आणि मुख्य सर्व्हरकडून नावं-आकडे उतरवून घ्यायला शिकवलं. तिथे काही बदललं की मीही ते टिपून घेतो. मग त्यांनी मला या दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या वीजजोडणीवर आणलं आणि प्रत्येक विभागातल्या संगणकाला माझा पत्ता दिला. तो दिला नसता, तर मी असून नसल्यासारखाच!

इस्त्रीवाल्या मावशी मला 'जावईबापू' म्हणायच्या. "काम ना धाम, आणि वारा मात्र हवा!" असं पुटपुटत माझी जाळी पुसायच्या. वर्षअखेर जवळ आली, तरी मला कुणी काही विचारत नव्हतं.

एका दुपारी फरशी घासणाऱ्यांनी आपल्या यंत्रासाठी नेमका त्या दोघांच्या बोर्डाचा प्लग उपसला. त्याच वेळी शस्त्रक्रियेच्या खोलीतून रक्तपेढीला निरोप जायचा होता. टेबलावरच्या बाईंना तातडीने रक्त हवं होतं. तिथल्या संगणकाने पहिल्याला विचारलं, उत्तर नाही. दुसऱ्याला विचारलं, तिथेही शांतता. मग त्याने मला विचारलं. मी आकडा सांगितला. निरोप पोहोचला, रक्त वर गेलं.

"आज जरा रेंगाळतंय बाई हे," एवढंच एक परिचारिका म्हणाली.

ताईंनी साहेबांना माझा पडदा दाखवला. सगळ्या रुग्णालयाचे प्रश्न त्यावर धावत होते.

"आणि त्या बाई?"

"शुद्धीवर आल्यात."

साहेबांनी विचारलं, "याला मी भंगार म्हणालो होतो का?"

"हो," ताई म्हणाल्या.

त्या दोघांचे बोर्ड आता वेगळे झाले आहेत. मला पुन्हा कुणी काही विचारत नाही आणि मित्रांनो, त्यातच मी सुखी आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली वस्तू रिकामी दिसली, म्हणून टाकू नका. अधूनमधून तिची धूळ तेवढी पुसा. मावशी अजूनही मला जावईबापूच म्हणतात. फक्त आता इस्त्री लावताना, माझ्या प्लगला धक्का लागला नाही ना, हे वळून बघतात.