आभाळातला तांडा

लखीराम राठोडला आपल्या मुलाशी बोलायचं होतं. एवढीच गोष्ट आहे. आता यात काय मोठंसं, फोन उचलावा आणि बोलावं, असं कोणीही म्हणेल. पण ज्यांच्या घरात बाप आहे आणि कमावता मुलगा आहे, त्यांनी तरी असं म्हणू नये.

ओम पुण्याला नोकरीला होता आणि लखीराम दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर एकटा. बायको, लालीबाई, होती तोवर सगळं सुरळीत होतं. म्हणजे बाप-लेक तेव्हाही बोलत नव्हतेच, पण ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. ओम याडीला, म्हणजे आईला, फोन करायचा, याडी तासभर बोलायची, आणि मग भाकरी थापता थापता नवऱ्याला सांगायची की ओमला बढती मिळाली, ओमला सर्दी झाली, ओमने खोली बदलली. इकडची खबरही तीच तिकडे पोचवायची. ती गेली, आणि दोघांनाही कळलं की आपल्याला एकमेकांशी बोलायची सवयच नाही.

तरी ओम दर रविवारी सकाळी फोन करायचा. तो असा:

"बा, बरे हाय ना?"

"बरा हाय."

"शेतात काय?"

"तूर बरी हाय."

"बरं. ठेवतो मग."

"बरं."

हे दोघं फोनवर तांड्याच्या गोरबोलीत बोलत. वाचणाऱ्याची अडचण नको म्हणून मी ते वऱ्हाडीत सांगतो आहे. पण कोणत्याही बोलीत सांगितलं तरी यात फार काही निघणार नाही.

दिवाळीला बबिता ढाणकीहून माहेरी आली. ही ओमची धाकटी बहीण, आणि पोटात काही न ठेवणारी. लखीराम सहज म्हणाला, "तुझा भाऊ लय कमी बोलते व." तशी ती फस्सकन हसली.

"कोण, दादा? संध्याकाळी आठ वाजले का बसते कम्प्युटरपुढं. आभाळातल्या जहाजाचा खेळ हाय. जगातले लोक त्यात. दादाचा आपला एक गट हाय मराठी पोरायचा. दोन-दोन तास तोंड बंद होत नाही त्याचं. एवढं हसते!"

लखीरामला ते लागलं. तोंडावर त्याने काही दाखवलं नाही, गोठ्याकडे जाऊन आला, आणि मग म्हणाला, "त्याचा जुना कम्प्युटर कोठीत हाय ना? मले शिकव तो खेळ."

बबिताने बापाकडे पाहिलं, आणि थट्टा करायची ती राहून गेली. तिने कम्प्युटर पुसला, खेळ उतरवून घ्यायला एक अख्खी दुपार गेली, कारण लाइन दोनदा गेली. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, लखीराम त्याला 'आभाळ' म्हणू लागला. त्यात स्वतःसाठी नाव घ्यावं लागे. त्याने डोंगर घेतलं. ओमला सांगू नकोस, अशी शपथ बबिताला घातली आणि ती सासरी गेली.

मग लखीराम त्या आभाळात एकटा उरला. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. नागपूर-हैदराबाद त्याने झोपेतही केलं असतं. पण पहिले कित्येक दिवस त्याला ते जहाज तळावरून हलवता आलं नाही. हलवलं तेव्हा भिंतीला घासलं. बाहेर पडलं तेव्हा थांबेना. तिथे अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला तरी गाडी पळतच राहते, ब्रेक नावाची वस्तूच नाही. थांबायचं तर उलट्या दिशेने जोर लावायचा. हे कळायला त्याला दोन जहाजं खर्ची घालावी लागली. परत तळावर उतरताना आधी परवानगी मागायची असते हेही ठाऊक नव्हतं. सरळ आत घुसला, तर तळानेच तोफ डागली. "आरटीओ बरा," लखीराम मोठ्याने म्हणाला. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

नकाशा उघडला की चांदण्याच चांदण्या, आणि प्रत्येकीपर्यंत जाता येतं म्हणे. माणूस मात्र क्वचित दिसायचं. एखादं जहाज समोरून आलं की लखीराम दिव्यांची उघडझाप करायचा, रस्त्यावर समोरच्या गाडीला डिपर मारतात तशी. आपल्या रस्त्यावर त्याचं उत्तर येतं. इथे एकानेही दिलं नाही. त्याला वाटायचं, आपण तांड्यावर एकटे, म्हणून इथे आलो. इथे तर त्याहून एकटे. तरी तो रोज बसायचा, कारण याच आभाळात कुठेतरी ओम होता.

बबिताने फोनवर सांगून सांगून त्याला ओमच्या गटापर्यंत पोचवलं. गटाचं नाव लखीरामने दोनदा वाचलं. नाव होतं 'तांडा'. कॉलेजात असताना हाच पोरगा आपण तांड्यावरचे हे कोणाला सांगत नव्हता, गाव विचारलं की दारव्हा सांगायचा. आणि इथे त्याने तांडा उभा केला होता, माल वाहून नेणाऱ्या जहाजांचा, आणि स्वतः त्याचा नायक, म्हणजे मुखिया, झाला होता. आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले, ते याच्या डोक्यात कुठून आलं? लखीरामने तर कधी सांगितलं नव्हतं. याडीनेच सांगितलं असणार.

कानाला हेडफोन लावला. ट्रकने कान गेलेले, म्हणून आवाज शेवटपर्यंत मोठा. आणि एकदम ओम हसला. लखीरामने ते हसणं किती वर्षांनी ऐकलं!

"नवीन पोरगा आला रे. डोंगर. बोल भाऊ, ऐकू येते का?"

हेडफोनचा माइक कधीचाच मेला होता, ते बरंच होतं. लखीराम इंग्रजी अक्षरं ट्रकच्या पाट्या आणि मालाच्या पावत्या, बिल्ट्या वाचून शिकलेला. एकेक अक्षर शोधत त्याने टाइप केलं. सवयीने आधी 'जय सेवालाल' हा तांड्यावरचा नमस्कार आला, तो घाईघाईने पुसला आणि फक्त 'ho' ठेवलं.

"टायपिंग पाहून वाटते शाळेत हायेस," ओम म्हणाला. "व्हय का नाही, बाबू?"

वऱ्हाडात लहान पोराला बाबू म्हणतात. लखीराम ओमला म्हणायचा, तो मांडीवर मावत होता तेव्हा. त्याने पुन्हा 'ho' टाइप केलं. आयुष्यात सहज खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, पण आता बोलून बसला.

पहिली खेप चार दिवसांनी मिळाली. गटाचा मोठा माल, जोखमीची वाट. ओमने बजावलं होतं की थेट जायचं, कुठेच थांबायचं नाही. लखीराम निघाला. निघण्याआधी जहाजाला चारी बाजूंनी फिरून पाहिलं, जुनी खोड. अर्ध्या वाटेवर एक जहाज दिसलं. दिवे विझलेले, इंजिन बंद, आपलं तरंगत होतं.

लखीरामने गाडी बाजूला घेतली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. बंद पडलेली गाडी दिसली की ड्रायव्हर थांबतो, मग ती ओळखीची असो की नसो. त्याने दिव्यांची उघडझाप केली, आणि 'kay zale bhau' असं टाइप करत होता तेवढ्यात अंधारातून लुटारूंची तीन जहाजं आली, त्या मेलेल्या जहाजाचेही दिवे लागले, आणि गटाचा सगळा माल गेला.

हेडफोनमध्ये एकच गलका उठला. अक्षय म्हणून एक होता तो ओरडला, "हाकला याले! दुधखुळा हाय का? एवढी जुनी युक्ती!"

"थांब," ओम म्हणाला. "बाबू, तू काहून थांबला?"

लखीरामने टाइप केलं, 'gadi band padleli'.

मग ओम हसला, पण ते हसणं निराळं होतं. "राहू द्या रे. माझ्यासंगं चालन तो यापुढं. अबे, माझे बा ड्रायव्हर होते. रस्त्यात कोणाचीबी गाडी बंद दिसली का हे उतरले खाली. आम्ही मामाच्या लग्नाले चाललो होतो, तं एका टेम्पोपाशी दोन तास! याडी चिडून लाल झालती, आणि बा खाली पान्हा घेऊन आरामात. तिकडं लग्न लागून गेलं." सगळे हसले. "असा माणूस पाहिला नाही मी," ओम म्हणाला.

लखीरामने हेडफोन काढून हातात घेतला, पाहिला आणि पुन्हा लावला. पोराच्या लक्षात हे होतं तर! आणि एवढं मायेने होतं! तोंडावर कधी एका शब्दाने बोलला नव्हता.

तिथून पुढे लखीरामला दिवस काढणं जड जाऊ लागलं आणि संध्याकाळ हवीशी वाटू लागली. ओम त्याला सोबत घेऊन फिरायचा. तळावर कसं उतरायचं ते त्याने एकच गोष्ट दहादा सांगून शिकवलं, एकदाही आवाज चढवला नाही. "हळू बाबू, घाई नाही, मी हाय ना." बापाला साधा मोबाइल शिकवताना हाच पोरगा कपाळाला हात लावायचा. लखीरामला सुख वाटायचं आणि त्याच घासाला खडाही लागायचा, कारण हे सगळं प्रेम डोंगर नावाच्या कोण्या शाळकरी पोराचं होतं. खेळ बंद केला की घरात भिंतीवरच्या घड्याळाचा तेवढा आवाज. शेजारची जमनाबाई भाजीची वाटी देऊन जाई, दोन शब्द बोले, आणि झालं.

एका रविवारी ओमचा सकाळचा फोन आला नाही. लखीराम दुपारपर्यंत मोबाइल खिशात घेऊन हिंडला. संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी जहाजं लावून मालाची वाट पाहत होते, तेव्हा ओम म्हणाला, "अरे, घरी फोन करायचा राहूनच गेला. बाबू, दोन मिनिटं."

आणि लखीरामच्या मांडीशी मोबाइल वाजला.

तो गडबडला. हेडफोन टेबलावर टाकून मोबाइल घेऊन थेट अंगणात गेला.

"बा, बरे हाय ना?"

"बरा हाय." आत्ताच तर हा डोंगरशी तासभर बोलत होता! कितीतरी विचारायचं होतं. त्याने जोर करून विचारलं, "काय करून राह्यला?"

"काही नाही. कामात हाय."

"बरं."

"ठेवतो मग."

"बरं."

तो आत आला. हेडफोन लावला तेव्हा ओम बोलतच होता, एकट्या डोंगरशी. "...झाला फोन. हायेस का बाबू? खरं सांगू, बासंगं काय बोलावं ते समजतच नाही मले. याडी होती तं ती बोलायची. हे नुसतं बरं म्हणतात. मले वाटते माझ्या फोनची त्यायले कटकट होते. बंद करून टाकावा का, असंही कधी कधी मनात येते."

लखीरामची बोटं अक्षरं शोधू लागली. 'katkat nahi hot tyayle'.

"तुले काय माहीत, लेकरा?" ओम म्हणाला.

याचं उत्तर टाइप करण्यासारखं नव्हतं. लखीरामने मोबाइल उचलला आणि ओमला लावला. इतक्या वर्षांत त्याने स्वतःहून कधी लावला नव्हता.

हेडफोनमध्ये ओमची रिंग ऐकू आली, मग ओमचा घाबरलेला आवाज. "थांब बाबू, बाचा फोन. ते कधीच करत नाहीत. काहीतरी झालं." लखीरामने हेडफोन गळ्यात सरकवला, आणि मोबाइलवर, "बा? काय झालं? तब्येत बरी हाय ना? जमनाबाईले बोलवू का?"

"काही नाही झालं."

"मग?"

"असंच केला."

"असंच?" ओमला ते कळेना. तो बोलला ते शब्द लखीरामच्या गळ्यातल्या हेडफोनमधून, शेवटपर्यंत मोठ्या केलेल्या आवाजात, पुन्हा बाहेर पडले आणि मोबाइलमधून ओमलाच परत ऐकू गेले. ओम थांबला. "बा, तुमच्यामागं कोण बोलून राह्यलं?" तेही शब्द एका क्षणाने तसेच परत आले, आणि त्यांच्यामागे जहाजाच्या इंजिनाची घरघर. ती घरघर ओम रोज ऐकत होता.

ओमने खेळातला आपला माइक बंद केला.

"डोंगर तुम्ही हाय?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मी काय काय बोललो..." ओमचा आवाज चिरका झाला. "बा, सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू म्हणाला असता, कामात हाय," लखीराम म्हणाला.

ओमने फोन ठेवला नाही, आणि लखीरामनेही ठेवला नाही. पडद्यावर दोन जहाजं शेजारी शेजारी उभी होती. आजपासून डोंगर नव्हता. आता जे बोलायचं ते लखीरामलाच बोलायचं होतं, आणि मोबाइल कानाशी धरून, काय बोलावं ते शोधत, तो बसून राहिला.