चंद्रकोरीची कडी

“कडी माझी हाय. साखळी माझी न्हाई.”

चाँद पाशानं हे तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही कोणी मनावर घेतलं नाही. धरणाच्या काठावर तांड्यातली पन्नासेक माणसं गोळा झाली होती. मधे चिखलात साखळी पडली होती. तिच्या शेवटच्या कडीवर नखाएवढी चंद्रकोर होती. शिरड शहापूरच्या या लोहाराच्या हातून गेलेल्या प्रत्येक साखळीच्या टोकाला तो ठसा असायचाच. तीस वर्षं लोक तो ठसा बघून माल घेत आले होते.

“ठसा तुमचा, मग साखळी काय माझ्या मामाची?” माणिकराव म्हणाले. ते नावेच्या कमिटीचे अध्यक्ष. लोक हसले. हसायला काय जातं लोकांचं!

झालं होतं ते हसण्यासारखं नव्हतंच. परवा बाजाराहून परतताना वारा सुटला. नावाडी वसरामनं लोखंडी नांगर पाण्यात सोडून नाव थोपवली. वारा निवल्यावर नांगर ओढायला म्हातारा खेमा चरखीच्या दांड्याला लागला, आणि अर्ध्यात साखळी चाकावरून उडाली. दांडा गर्रकन उलटा फिरला, खेमाचं मनगट मोडलं, आणि नाव वाहत जाऊन खडकावर आदळली. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून निभावलं. नाहीतर त्या दिवशी तांड्यात एकही चूल पेटली नसती.

चाँद पाशाला बसनं बोलावून आणलं ते याच्या जबाबासाठी. वसराम समोर चप्पल काढून बसला होता आणि मान वर करत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, हीच नाव कोकणातून जुनी म्हणून आणली तेव्हा तिला चरखी होती, साखळी नव्हती. आता इथल्या माणसांना नावेच्या साखळीचं काय कळणार? विहिरीची साखळी बांधून बघितली, बैलाची बघितली. एकही चाकावर टिकेना. मग वसराम चाँद पाशाकडे आला. दोघांची दोस्ती बैलाच्या नालापासूनची.

चाँद पाशा नावेत आला, चाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “वसराम, घरून कणकेचा गोळा आण.”

“भूक लागली का, पाशाभाई?”

“आण म्हणलं तर आण ना बाबा!”

त्या चाकाला खाचा होत्या. साखळीची एक कडी खाचेत आडवी बसते, दुसरी उभी राहते, तिसरी पुन्हा आडवी. मापात गव्हाच्या दाण्याएवढा फरक असला तरी पहिल्या दोन-तीन कड्या गुमान बसतात. मग एखादी वर चढते, आणि ओझं आलं की सगळीच निसटते. म्हणून चाँद पाशा एका कडीचं माप कधीच घेत नसे, दहा कड्यांचं मिळून घेई. आणि खाचेचं माप घेई कणकेनं. घट्ट मळलेला गोळा दाबून काढला की खाच जशीच्या तशी हातात येते. माती आक्रसून तडकते, मेण उन्हात वितळतं, कणीक इमानदार असते असं त्याचं म्हणणं. सकाळी घरी कणीक मळली की कमरजहाँ आधी त्याचा गोळा बाजूला काढी, मग रोट्यांना लागे.

तो वाळलेला साचा डब्यात घेऊन दोघं नांदेडला गेले. भंगार बाजारात दोन दिवस साखळ्या उपसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वसराम वैतागून म्हणाला, “पाशाभाई, आता ह्यो साचाच खाऊन टाकतो बघा मी!” आणि तेवढ्यात सापडली. दहाच्या दहा कड्या साच्याला बराबर. बसच्या टपावर टाकून आणली. चाकावर चढवली तेव्हा अशी बसली, जशी दाण्यांची ओळ कणसात. चाँद पाशानं शेवटच्या कडीवर ठसा मारला आणि वसरामनं त्याला मिठीच मारली. शकुंतलाबाईनं, वसरामच्या बायकोनं, दोघांना गोड शिरा करून घातला होता.

आणि आज तोच वसराम चिखलात रेघोट्या ओढत बसला होता.

“वहिनी, कणीक आणा,” चाँद पाशा म्हणाला.

शकुंतलाबाई गोळा घेऊन आली. चाँद पाशानं नावेत चढून गोळा खाचेत दाबला, काढला, चिखलातल्या साखळीच्या मधल्या कड्या एकामागून एक त्यावर ठेवल्या. एकेक कडी लांब भरली. आंधळ्यालाही दिसावं इतकी लांब.

“बघा! ही ह्या चाकाची साखळीच न्हाई.”

“हेच तर आमी म्हणून राहिलो,” माणिकराव म्हणाले. “माप चुकलं तुमचं. वय झालं, पाशा. कबूल करा न् मोकळे व्हा.”

चाँद पाशाच्याच कणकेनं त्यालाच खोटं पाडलं होतं. आता एकच माणूस खरं सांगू शकत होता.

“वसराम, तू होतास ना नांदेडला? सांग यांना. हीच साखळी आणली का आपण?”

वसराम रेघोट्यांकडे बघत म्हणाला, “हीच असंल. ठसा हाय की.”

छातीत कोणी घण घालावा तसं चाँद पाशाला झालं. त्यानं कडी उचलली. ती साखळीला तारेनं जोडलेली होती. दोन पीळ सुलटे, एक उलटा. वसरामचे वाडवडील बैलांवर गोण्या लादून मुलुखभर फिरायचे, तेव्हाची ही गाठ. ओझं कितीही हललं तरी सुटत नाही. तांड्यात आता ती वसरामच्याच हाताला येत होती. चाँद पाशालाही त्यानंच शिकवली होती, पण याला कधी जमली नाही.

चाँद पाशानं वसरामला हाताला धरून उठवलं आणि बाभळीआड नेलं.

“तार कोणी पिळली रे?”

वसराम रडायलाच लागला. “माणिकरावनं नव्या घरात झोपाळा टांगलाय, त्या बंगईला लावली आपली साखळी गेल्या आठवड्यात. त्यान्ला भारी आवडली. ही दुसरी आणून दिली. म्हणले, टोकाची ठशाची कडी तेवढी कापून हिला जोडून टाक, कोन इचारतंय. न्हाई म्हणलो तर नावेवरून काढतो म्हणले. गप बसलो तर माझ्या पोराला, रणजीतला, पुढं माझ्या जागी लावायचं कबूल केलंय त्यायनं. पाशाभाई, काय करू मी?”

“आत्ता बोललास ते तिथं बोल. मी काही मागत न्हाई तुला. येवढंच बोल.”

वसरामनं नावेकडे पाहिलं. त्याचा जवान पोरगा रणजीत चेपलेला पत्रा ठोकत होता. वसरामनं डोळे पुसले, आणि मान हलवली. नाही.

दगा शत्रूनं दिला तर माणूस दोन शिव्या हासडतो. दोस्ताला काय द्यायचं? चाँद पाशा परत आला. पिशवीतली कानस काढली आणि पन्नास माणसांसमोर कडीवरची चंद्रकोर घासून काढली. कोणी हसलं नाही.

“कबूल केलं म्हणायचं,” माणिकराव म्हणाले.

चाँद पाशानं पिशवीतून पोलादी ठसा काढला. बापाच्या हातचा, तीस वर्षं वापरलेला. वसरामची मूठ उघडून त्यात ठेवला.

“घे. आता माझी कडी कापायची तकलीफ नको. तूच मारत जा.”

“पाशाभाई, असं नका करू...”

पण तो सडकेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमरजहाँ परातीपुढे बसली होती. चाँद पाशा उंबऱ्यात, भट्टीकडे पाठ करून. तिनं सवयीनं गोळा तोडला आणि विचारलं, “आज का गोला किधर रखूं?”

“नक्को,” तो म्हणाला. “सब की रोट्याच बना.”